मीटरातला आकडा, तारेवरचा आकडा आणि कागदावरचा आकडा

सध्या शेवगावात चार माणसं जमली की विषय निघतोच: स्मार्ट मीटर. कोणी म्हणतं बिल दुप्पट येणार, कोणी म्हणतं मीटर लांबून चालवतात, कोणी म्हणतं जुनं चकतीचं मीटरच खरं होतं. मोर्चे, निवेदनं, व्हिडिओ सगळं चालू आहे. पण मीटर मोजतं कसं, ते आपल्या भिंतीवर आलं कसं, आणि आपल्या शेतातल्या मोटारीवर ते का नाही, यावर फारसं कोणी बोलत नाही. म्हणून हा थोडा इतिहास. पोस्ट मोठी आहे, सवडीने वाचा. खिशाचा विषय आहे.

आपल्याकडे ‘आकडा’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. मीटरातला आकडा आणि तारेवर टाकायचा आकडा. दोन्ही विजेचेच. तिसरा आकडा आहे तो कागदावरचा, आणि सगळ्यात महाग तोच पडतो. तिकडे शेवटी येतो.

आधी मीटरातला आकडा.

वीज विकायला सुरुवात झाली तेव्हा ती मोजायची कशी हा मोठाच प्रश्न होता. धान्य मापाने मोजता येतं, तेल लिटरने. तारेतून जाणारी वस्तू दिसत नाही, साठवून दाखवता येत नाही. एडिसनने १८८२ मध्ये न्यूयॉर्कला वीजकेंद्र सुरू केलं. त्याचं मीटर म्हणजे एक बरणी होती. तिच्यात जस्ताच्या पट्ट्या द्रावणात बुडवलेल्या. वीज गेली की एका पट्टीवरचं जस्त सुटून दुसरीवर बसायचं. महिन्याला कंपनीचा माणूस यायचा, पट्ट्या घेऊन जायचा, काट्यावर वजन करायचा आणि त्यावरून बिल. गिऱ्हाइकाला काय कळायचं? काहीच नाही. वजन करणारा सांगेल तो आकडा. माप विकणाऱ्याच्या हातात आणि तेही गिऱ्हाइकाच्या डोळ्याआड.

हे फार काळ चाललं नाही. १८८८ मध्ये अमेरिकेत वेस्टिंगहाऊस कंपनीतल्या शॅलेनबर्गरने आणि १८८९ मध्ये बुडापेस्टच्या गान्झ कारखान्यातल्या ब्लाथीने विजेनेच फिरणारी मीटरं तयार केली. मुळाशी इटलीच्या गॅलिलिओ फेरारीस या प्राध्यापकाने दाखवलेलं फिरत्या चुंबकीय क्षेत्राचं तत्त्व होतं. चकतीच्या मीटरला अजूनही फेरारीस मीटर म्हणतात ते त्यामुळेच. आपल्या आजोबांच्या ओसरीतलं काळ्या डब्याचं मीटर या घराण्यातलंच.

त्याची रचना समजून घ्या, फार अवघड नाही. काचेमागे ॲल्युमिनियमची एक चकती आडवी, कडेला एक खूण. चकतीजवळ दोन कॉइल. एक बारीक तारेची, पुष्कळ वेढ्यांची, ती व्होल्टेजवर जोडलेली. दुसरी जाड तारेची, मोजक्या वेढ्यांची, घरात जाणारा सगळा करंट तिच्यातून जातो. चकतीला मात्र कुठलीच तार जोडलेली नाही. दोन्ही कॉइलचं चुंबकत्व मिळून चकतीत छोटे छोटे भोवरे उठल्यासारखे प्रवाह तयार करतं, आणि ते चकतीला ढकलतात. जितकी वीज जास्त, तितका ढकलण्याचा जोर जास्त.

पण नुसतं ढकलत राहिलं तर चकती सुसाट सुटेल. म्हणून एका बाजूला कायमचा चुंबक बसवलेला असतो, चकती त्याच्या फटीतून फिरते. हा ब्रेक. चकती जितकी जोरात फिरेल तितका तो जास्त अडवतो. ढकलणं आणि अडवणं यांचा मेळ बसतो आणि चकतीचा वेग बरोबर विजेच्या वापराच्या प्रमाणात राहतो. वापर दुप्पट, वेग दुप्पट. सगळी हुशारी या एका चुंबकात आहे.

पुढचं काम घड्याळजीचं. चकतीच्या दांडीला मळसूत्रासारखे आटे, त्यांच्यात अडकलेलं दात्यांचं चाक, त्याच्यापुढे आणखी चाकं आणि शेवटी आकड्यांचे छोटे ड्रम एका ओळीत. प्रत्येक ड्रमवर ० ते ९. उजवीकडचा ड्रम पूर्ण एक फेरा करून ९ वरून ० वर येताना त्याचा दाता मधल्या छोट्या चाकाला ढकलतो आणि डावीकडचा ड्रम एक घर पुढे सरकतो. आपण बेरजेत हातचा घेतो, तेच हे. दुचाकीच्या किलोमीटरच्या काट्याखाली असायची तीच व्यवस्था. अमेरिकेत कर्टिस वीडरने १८९५ मध्ये सायकलसाठी असा काउंटर काढला, त्याला सायक्लोमीटर म्हणत. विजेच्या मीटरातल्या ड्रमच्या काउंटरलाही हेच नाव पडलं. त्याआधी घड्याळासारखे चार-पाच काटे असायचे, एक उजवीकडे फिरणारा, एक डावीकडे. ते वाचताना शिकलेला माणूसही चुकायचा.

हिशोब करून बघा. मीटरवर ‘एका युनिटला ६०० फेरे’ असं छापलं असेल आणि घरात फक्त १०० वॅटचा एक बल्ब चालू असेल, तर तासाला ६० फेरे. म्हणजे मिनिटाला बरोबर एक. हातात घड्याळ घेऊन चकतीवरची खूण पाहत उभं राहिलं की आठवी शिकलेल्या माणसालाही स्वतःचं मीटर तपासता यायचं. वायरमनला विचारायची गरज नाही, इंजिनिअरला तर नाहीच.

माझ्या मते ही मीटरच्या इतिहासातली सगळ्यात मोठी गोष्ट आहे. मीटर अचूक झालं हे आहेच, पण ते गिऱ्हाइकाच्या घरात आलं, काचेमागे आलं आणि आकडा दोघांना सारखाच दिसायला लागला. विकणारा आत हात घालू शकत नाही कारण सील, घेणारा हात घालू शकत नाही कारण तेच सील. भांडण झालं तर दोघांपेक्षा वेगळा तिसरा माणूस. इंग्रजांनी १९१०चा वीज कायदा केला त्यात कलम २६ खास मीटरसाठी होतं. मीटर बरोबर असलं पाहिजे, वाद झाला तर निवाडा विद्युत निरीक्षकाकडे आणि चुकीच्या मीटरचा हिशोब मागे न्यायचा तर जास्तीत जास्त सहा महिने. राज्य परक्यांचं होतं, पण मापाच्या बाबतीत दोन बाजू असतात हे त्यांच्या कायद्याने मान्य केलं होतं.

आता याची उलट बाजू पाहा. ज्यांच्याकडे जुना फोन होता त्यांना आठवेल. टेलिफोनचं मीटर घरात नव्हतं, एक्स्चेंजमध्ये होतं. जुन्या स्ट्रोजर पद्धतीच्या एक्स्चेंजमध्ये प्रत्येक नंबरामागे एक छोटा काउंटर असायचा. आत लोखंडाच्या गाभ्यावर तार गुंडाळलेली, समोर एक पट्टी, पट्टीला दात्यांच्या चाकात अडकलेलं नख. विजेचा ठोका आला की गाभा चुंबक होतो, पट्टी ओढली जाते, नख चाकाला एक दाता पुढे ढकलतं. ठोका संपला की स्प्रिंग पट्टीला जागेवर आणते. एक ठोका, एक कॉल. गणित करणारं डोकं त्यात नाही, नुसतं ‘टक्, टक्’. भिंतभर असे शेकडो काउंटर, आणि त्यांचे फोटो काढून त्या फोटोंवरून बिलं.

देशात एसटीडी १९६० मध्ये लखनौ-कानपूर मार्गावर सुरू झाली आणि याच काउंटरला ठरावीक सेकंदांनी ठोके द्यायची पद्धत आली. जितकं लांबचं गाव, तितके ठोके लवकर लवकर. यंत्र साधं, भरवशाचं. तरी ऐंशीच्या दशकात जादा बिलाच्या तक्रारींनी टेलिफोन खातं बदनाम झालं, कारण आकडा गिऱ्हाइकाला दिसतच नव्हता. बिल आल्यावर भांडायचं कशाच्या आधारावर? मग पिवळ्या पाटीचे एसटीडी बूथ आले. डोळ्यासमोर लाल आकडे पळायला लागले आणि माणसं बोलता बोलता त्या आकड्याकडे बघून ‘ठेवतो’ म्हणायला लागली. तिथे बिलावरून फारशी भांडणं झाली नाहीत, कारण आकडा दोघांच्या समोर होता.

टेलिफोनचा हाच टक्-टक् काउंटर पुढे विजेच्या मीटरात आला. चकती गेली आणि पांढऱ्या प्लास्टिकच्या डब्याची मीटरं आली, ती आठवा. त्यात लाल दिवा लुकलुकतो, पण आकडे मात्र ड्रमचेच. आत एक चिप व्होल्टेज आणि करंट सतत मोजते, गुणाकार करते आणि ठरावीक विजेमागे एक ठोका सोडते. ठरावीक ठोके झाले की एक इवलीशी मोटार ड्रमला थोडं पुढे ढकलते. म्हणजे मोजणी इलेक्ट्रॉनिक, आकडे यांत्रिक. फायदा असा की लाइट गेली तरी आकडा तिथेच राहतो, त्याला बॅटरी लागत नाही. ड्रमला ढकलल्याशिवाय तो हलत नाही, एवढं साधं.

आणि हेही घरच्या घरी तपासता येतं. मीटरवर ‘३२०० इम्पल्स’ असं छापलेलं असेल, तर घरातलं बाकी सगळं बंद करून १००० वॅटचा हीटर लावा. मिनिटाला साधारण ५३ वेळा दिवा लुकलुकला पाहिजे. व्होल्टेज कमी असेल तर थोडे कमी येतील, कारण हीटरही तेवढा कमी ओढतो. सत्तर-ऐंशी आले तर तक्रार करायला जागा आहे.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. ‘नवीन मीटर आलं की बिल वाढतं’ हे दर वेळी खोटं नसतं आणि दर वेळी लबाडीही नसते. जुन्या चकतीच्या टेकूला घर्षण असतं. वीस-पंचवीस वर्षांत धूळ बसते, झीज होते, चकती रेंगाळते. मोबाईलचा चार्जर किंवा टीव्हीचा बंद दिसणारा डबा एवढी बारीक वीज असेल तर ती हलतही नाही. चिप ते सगळं धरते. शिवाय चकती अडवायच्या युक्त्या गावोगाव लोकांना पाठ होत्या, त्या कुठल्या हे इथे लिहीत बसत नाही.

आता तारेवरचा आकडा.

महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झालं २० जून १९६० ला. आजही आपण ‘बोर्डाचा माणूस आला’ म्हणतो ते त्यावरून. पुढच्या वीस वर्षांत मंडळाने गावोगाव खांब नेले. त्याच काळात आपल्या तालुक्याचं रूप बदललं. जायकवाडीची पायाभरणी १९६५ ला झाली, १९७६ ला धरणाचं उद्घाटन झालं. शेवगावच्या गोदाकाठच्या जमिनी नाथसागराच्या पाण्याखाली गेल्या. ज्यांची वरच्या अंगाची राने उरली त्यांनी फुगवट्यात मोटारी टाकून पाइपलाइनीने पाणी वर चढवलं. इकडे १९७२च्या दुष्काळानंतर विहिरी खोल गेल्या, मोटेच्या जागी मोटारी आल्या. पाणी म्हणजे वीज, असं समीकरण झालं.

पण शिवारातल्या प्रत्येक मोटारीवर जाऊन मीटर वाचायचं म्हणजे बांधाबांधाने फिरणं. वाचणाऱ्याचा खर्च वसुलीएवढा. मीटर उन्हा-पावसात, पत्र्याच्या पेटीत, उंदीर-मुंगळ्यांच्या संगतीत. त्यात मतांचं राजकारण. म्हणून सत्तरीच्या दशकाच्या शेवटी राज्याने मोटारीच्या हॉर्सपॉवरवर ठोक आकारणी आणली. तीन एचपीला इतके, पाच एचपीला इतके, मग मोटार दिवसाला दोन तास चालो की दहा तास. सोय सगळ्यांचीच झाली. शेतकऱ्याला रीडिंगची कटकट नाही, मंडळाला माणूस पाठवायची नाही.

पण त्या दिवसापासून त्या मोटारीचा आकडा कोणाच्याच डोळ्यासमोर राहिला नाही. ठोक बिल असल्यावर तीनची मोटार कागदावर ठेवून पाचची बसवणारे निघाले, कनेक्शन वेळेवर मिळेना म्हणून तारेवर आकडा टाकणारे निघाले. चोरी ती चोरीच, तिचं समर्थन नाही. पण एका डीपीवर किती मोटारी चालतात हे कुठेच मोजलं जात नसेल तर ती डीपी जळणारच. आणि जळाली की ऐन हंगामात कपाशी, ऊस वाळतो तो रीतसर पैसे भरणाऱ्याचाही.

इथून निघतो कागदावरचा आकडा.

हिशोब नीट बघा. वीज कंपनीकडे एकूण किती वीज आली ते मोजलेलं असतं. घरं, दुकानं, कारखाने यांना किती विकली ते मीटरवर मोजलेलं असतं. या दोघांच्या मधे जी वीज उरते तिचे दोन भाग: शेतीने वापरली ती आणि वाटेत गळाली किंवा चोरीला गेली ती. शेतीला मीटर नाही, मग हे दोन भाग करायचे कसे? अंदाजाने. अंदाज करणार कोण? कंपनीच. शेतीचा अंदाज वाढवला की गळती आपोआप कमी दिसते. एका पारड्यातून काढून दुसऱ्यात टाकायचं, काम संपलं.

हा माझा तर्क नाही. वीज नियामक आयोग १९९९ मध्ये स्थापन झाला आणि पहिल्यांदाच मंडळाला आपला हिशोब लोकांसमोर मांडावा लागला. पुण्याच्या ‘प्रयास’ गटाने आणि ग्राहक प्रतिनिधींनी तो हिशोब तपासला. २००० सालच्या पहिल्या दर आदेशापर्यंत चित्र उलटं झालं. वीस टक्क्यांच्या आत सांगितली जाणारी गळती तीस टक्क्यांच्या वर निघाली आणि शेतीच्या नावावर टाकलेला वापर तेवढा खाली आला. पुढेही इचलकरंजीचे प्रताप होगाडे आणि त्यांची वीज ग्राहक संघटना हेच सांगत राहिली की शेतीचा वापर फुगवून दाखवला जातो. आयोगाने नंतर अभ्यासगट नेमला आणि मार्च २०२०च्या दर आदेशात शेतीचा वापर कमी आणि गळती जास्त धरली. म्हणजे वीस वर्षांनी पुन्हा तेच.

यात बदनाम कोण झालं? शेतकरी. ‘शेतकरी सगळी वीज खातात, आम्ही बिल भरतो’ हे शहरातलं वाक्य याच कागदावरच्या आकड्यावर उभं आहे. कारखानदाराला जादा दर लावला तो याच आकड्यावर, सरकारने अनुदान दिलं तेही याच आकड्यावर. आणि पाच एचपीची मोटार पूर्ण भाराने चालली तर तासाला चार-साडेचार युनिटं ओढते. पण आपल्याकडे रात्रीची पाळी, मधेच फेज गायब, व्होल्टेज कमी आणि उन्हाळ्यात विहिरीला पाणीच नाही. ती मोटार वर्षाला किती तास चालली हे शेतकऱ्याला छातीठोकपणे सांगता येत नाही, कारण त्याच्याकडे आकडाच नाही.

कायदा काय म्हणतो? २००३च्या वीज कायद्याचं कलम ५५ सांगतं की दोन वर्षांनंतर मीटरशिवाय कोणालाही वीज देऊ नये. आयोगाला मुदत वाढवायची मुभा होती. ती दोन वर्षं २००५ मध्ये संपली. त्याच वर्षी जूनमध्ये मंडळाचे भाग होऊन महावितरण झालं. बिनमीटरच्या मोटारी राहिल्याच.

आता तर २०२४ पासून बळीराजा योजनेत साडेसात एचपीपर्यंतच्या सुमारे ४४ लाख शेतकऱ्यांना मोफत वीज आहे, मार्च २०२९ पर्यंत. चांगलं आहे, अडचणीतल्या माणसाला आधार आहे. पण बिलच नाही म्हटल्यावर आकड्याकडे बघायचं कारणही गेलं, असं समजू नका. पैसे सरकार भरतंय, ते युनिटाच्या हिशोबानेच ठरतात. आपल्याच जिल्ह्यात राळेगणसिद्धीला २०१७ मध्ये सौर कृषी वाहिनीची सुरुवात झाली. कुठल्या गावाच्या फीडरला किती सौर वीज लागेल, डीपी ६३ची बसवायची की १००ची, दिवसा किती तास द्यायचे, हे सगळं मोजलेल्या आकड्यावर ठरलं तरच बरोबर ठरेल. आणि २०२९ नंतर कोणी ‘तुम्ही एवढी वीज खाल्ली’ म्हणालं, तर उत्तर द्यायला आपल्याकडे काय असेल?

म्हणून स्मार्ट मीटरच्या वादात माझी भूमिका अशी. मीटरला विरोध करून आपला फायदा नाही. मागणी आकड्याची करा. नवीन मीटर रीडिंग लांब पाठवतं, ठीक आहे. पण भिंतीवरच्या पडद्यावर तोच आकडा आपल्याला दिसला पाहिजे, वाचता आला पाहिजे. त्यासाठी इतकं करा:

१. जुनं मीटर काढताना शेवटच्या रीडिंगचा फोटो घ्या. नव्याचं पहिलं रीडिंग आणि मीटर नंबरही.

२. महिन्यातून एकदा ठरलेल्या तारखेला रीडिंग वहीत लिहा. बिलाशी ताडून बघा.

३. शंका आली तर वर सांगितलेली हीटरची तपासणी करा, मग लेखी तक्रार द्या. केंद्राच्या ग्राहक हक्क नियमांत फेब्रुवारी २०२४ मध्ये सुधारणा झाली आहे. वापर आणि रीडिंग जुळत नाही अशी तक्रार आली तर पाच दिवसांत दुसरं मीटर शेजारी बसवून किमान तीन महिने पडताळायचं, असं त्यात आहे. तक्रारीची पोच घ्यायला विसरू नका.

४. ग्रामसभेत ठराव घ्या की गावातल्या प्रत्येक शेतीच्या डीपीवर मीटर बसवा आणि त्याचं दर महिन्याचं रीडिंग ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा. प्रत्येक मोटारीला मीटर लावायला कोणी तयार होणार नाही, पण डीपीला लावायला काय हरकत आहे? एका डीपीखालचे पंधरा-वीस शेतकरी एकमेकांना ओळखतात. आकडा फळ्यावर आला की तारेवरचा आकडाही आपोआप निघतो आणि कागदावरचाही.

एडिसनच्या बरणीपासून आजच्या मीटरापर्यंत मोजायचं तंत्र चार वेळा बदललं. भांडण मात्र एकच राहिलं: माप कोणाच्या डोळ्यासमोर होतंय? बाजारात काटा आपल्याकडे फिरवून घेतल्याशिवाय आपण पाव किलो मिरची घेत नाही. विजेचाही काटा तसाच फिरवून घेऊ.

तुमच्या डीपीवर मीटर आहे का, आणि असेल तर चालू आहे का, हे उद्या जाऊन बघा आणि गावाच्या नावासह कमेंटमध्ये लिहा. शेवगाव तालुक्याची यादी आपणच करू.